चण्याच्या पिठाचा माग : जेनोआ ते पालेर्मो, बंदराबंदरांतलं खाणं आणि वाइन

सागरगोटी

जेनोआच्या जुन्या बंदरासमोर सोत्तोरिपा नावाची कमानींची लांबलचक ओळ आहे. एके काळी समुद्र थेट या कमानींपर्यंत यायचा. आज तिथे एका दारात तळलेली माकुलं नि अँचोवी कागदाच्या पुडीत मिळतात, शेजारच्या दारात मोबाइलची कव्हरं, त्याच्या पलीकडे सेनेगलहून आलेल्या कुणाचं तरी किराणा दुकान. मधल्याच एखाद्या दारात लाकडाची भट्टी पेटलेली असते. तिच्यातून कल्हई केलेलं तांब्याचं भलं मोठं गोल ताट बाहेर येतं आणि रांगेतली माणसं पुढे सरकतात. त्या ताटात असते फारिनाता. काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, एवढंच. वरून खरपूस, आत लुसलुशीत, जाडी बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. दुकानदार सुरीने ओबडधोबड तुकडे करतो, वर मिरपूड घालतो आणि कागदावर ठेवून देतो.

जेनोआची माणसं तिची जन्मकथा अशी सांगतात : १२८४ साली मेलोरियाच्या लढाईत जेनोआने पिसाचं आरमार बुडवलं. परतताना वादळात गलबतांवरची तेलाची पिंपं आणि चण्याच्या पिठाची पोती फुटली, समुद्राच्या पाण्यात सगळं कालवलं गेलं. दुसरं काही खायला नव्हतं म्हणून तो लगदा उन्हात वाळवून खाल्ला. ही दंतकथाच आहे. पण ती रचताना लोकांना जहाज, वादळ आणि भूक या तीनच गोष्टी सुचल्या, हे मला फार खरं वाटतं.

धागा काढण्याचं कारण म्हणजे हेच पीठ पुढे प्रत्येक बंदरात भेटत राहतं. नीसमध्ये सोक्का, तुलाँमध्ये काद, मार्सेयमध्ये पानिस, लिव्होर्नोत तोर्ता, सार्डिनियातल्या सासारीत फाइने, पालेर्मोत पानेल्ले. जिब्राल्टरमध्ये कालेंतिता, समुद्रापलीकडे अल्जीरियातल्या ओरानला कारांतिका. जेनोआहून लाखो लोक दक्षिण अमेरिकेत गेले, त्यामुळे ब्युनोस आयरेस आणि माँतेविदेओत आजही पिझ्झ्याच्या तुकड्यावर फाइनाचा तुकडा ठेवून खातात. माणसं कुठून कुठे गेली याचा असा पुरावा दुसऱ्या कुठल्या पदार्थात मला दिसलेला नाही.

या शहरांत फिरताना लोक आधी प्रसिद्ध पदार्थांची यादी काढतात. माझं म्हणणं, उलट करा. गोदीवरचा हमाल दुपारी उभ्याउभ्या काय खायचा ते शोधा. वाळवलेला चणा वर्षभर टिकतो, स्वस्त असतो, पोटाला आधार देतो. ज्याच्या घरी चूल पेटवायला वेळ नाही आणि जळणालाही पैसे नाहीत, त्याच्यासाठी बंदरातल्या भट्ट्या होत्या. जेनोआत या दुकानांना शामाद्दा म्हणतात. अजून थोडी उरली आहेत. फारिनाताबरोबर तिथे तोर्ता पास्क्वालिनाही मिळते : पालेभाजी, प्रेशिन्सेउआ नावाचं आंबटसर ताजं चीज आणि अख्खी अंडी भरलेली पातळ पापुद्र्यांची पाय.

आता वाइन. लिगुरियाच्या किनाऱ्यावर सपाट जमीन जवळजवळ नाहीच, डोंगर सरळ समुद्रात उतरतो. शेकडो वर्षं माणसांनी दगडावर दगड रचून, चुना-मातीशिवाय, बांध घातले आणि त्यावर वेली लावल्या. चिंक्वे तेर्रेचे हे बांध १९९७ पासून जागतिक वारशात आहेत. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, द्राक्षं हातानेच तोडायची. म्हणून तिथली वाइन थोडी होते आणि बहुतेक तिथेच संपते. वेर्मेंतिनो आणि पिगातो या पांढऱ्या वाइन फारिनाताबरोबर घ्या. किंचित खारट, शेवटी बदामासारखा हलका कडवटपणा, तेलकट घासानंतर जीभ स्वच्छ होते. द्राक्षं सावलीत वाळवून केलेली शाक्केत्रा गोड आणि महाग असते. तिचा छोटा पेला जेवणानंतर सावकाश प्यावा.

एक सूचना : भट्टी दिवसभर पेटलेली नसते. जेवणाच्या वेळेच्या सुरुवातीला जा, आणि नवीन ताट येईपर्यंत थांबावं लागलं तर जरूर थांबा. गार फारिनातात काही अर्थ नाही.

---

कोथिंबीर

सुंदर धागा! आम्ही ऑक्टोबरात जातोय. सासू-सासरे बरोबर आहेत, दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सगळे सांगतात की बंदरांच्या शहरांत मासळीशिवाय काही मिळणार नाही, पंधरवडाभर पिझ्झ्यावरच राहावं लागेल. तुमचं वाचून जीवात जीव आला. जेनोआत त्यांना आणखी काय चालेल?

---

दर्यासारंग

सागरगोटीताई, बंदराबद्दल इतक्या आपुलकीनं लिहिलंत, वाचून फार बरं वाटलं. मी रत्नागिरीकडचा, जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो. जेनोआला जहाज लागलं की आमचा धक्का बहुतेक वेळा प्रा इथला, शहराच्या पश्चिमेला. गंमत बघा, कंटेनरच्या क्रेनच्या मागे वर डोंगराकडे पाहिलं की काचेची हरितगृहं दिसतात. पेस्तो या जेनोआच्या हिरव्या चटणीचं खरं बासिल तिथलंच. २००५ पासून 'जेनोआचं बासिल' या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे. झाड अगदी कोवळं असताना मुळासकट उपटतात, पान लहान हवं. पान मोठं झालं की पुदिन्याचा वास मारतो, जेनोआवाल्यांना तो चालत नाही.

पेस्तोतले जिन्नस बघितले तरी बंदर कळतं. बासिल डोंगरावरचं, तेल घरचं, लसूण वेस्सालिकोच्या खोऱ्यातला, पण चीज मात्र दोन : पार्मिजानो पो नदीच्या मैदानातून आलेलं आणि पेकोरिनो सार्डिनियाहून जहाजानं आलेलं. हे सगळं संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं वाटायचं. पास्ता बटाटा नि फरसबी घालून उकडतात आणि त्यात हे वाटण कालवतात.

सकाळी पाळी संपवून धक्क्याबाहेर पडलो की फोकाच्चा. तिथली माणसं ती कपुचिनोत बुडवून खातात. मीठ लागलेली, तेलानं निथळणारी रोटी आणि दुधाची कॉफी. पहिल्यांदा बघणाऱ्याला नवल वाटतं. बारा तास इंजिनच्या उष्णतेत घाम गाळल्यावर शरीराला मीठच हवं असतं, ते मात्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. भाजण्याआधी पिठावर बोटांनी खळगे पाडून मिठाचं पाणी आणि तेल ओततात, म्हणून ती अशी होते.

आणखी एक, स्तोक्काफिस्सो. नॉर्वेत वाऱ्यावर वाळवलेला कॉड. लाकडासारखा कडक, दिवसेंदिवस भिजवायचा, मग बटाटे, ऑलिव्ह, पाइन नट घालून मंद शिजवायचा. दारात समुद्र असताना उत्तरेचा सुका मासा का खातात, असं मी एका वयस्कर हॉटेलवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, इथला समुद्र खोल, मासा थोडा, आणि शुक्रवारी मांस बंद. उत्तर सरळ होतं.

---

सागरगोटी

दर्यासारंग काका, प्राच्या क्रेन आणि हरितगृहं एका नजरेत दिसतात हे मीही आगगाडीतून पाहिलंय. पण इंजिनरूममधून बाहेर पडणाऱ्याला फोकाच्चा कशी लागते ते तुम्हीच सांगू शकलात. लिहीत राहा.

कोथिंबीर, जेनोआचं स्वयंपाकघर इटलीतल्या सगळ्यांत हिरव्या स्वयंपाकघरांपैकी आहे. महिनोन्महिने खारवलेलं खाऊन घरी परतलेल्या खलाशांना पालेभाजीच हवी असायची, असं तिथले लोक सांगतात. सासू-सासऱ्यांसाठी फारिनाता आणि फोकाच्चा निर्धोक. पण तीन गोष्टी सांभाळा. पार्मिजानो आणि पेकोरिनो ही चीजं जनावराच्या रेनेटवर, म्हणजे वासरा-कोकरांच्या पोटातून काढलेल्या विरजणावर होतात, म्हणजे पेस्तो कडक शाकाहारींना चालणार नाही. चीज न घातलेला पेस्तो काही ठिकाणी मागितला तर मिळतो. पान्सोती हा रानभाज्या भरलेला पास्ता अक्रोडाच्या चटणीबरोबर येतो, पण त्यात अंडं आणि चीज असतं. आणि ऋतूप्रमाणे फारिनातात छोटे चंदेरी मासे घालतात, तेव्हा साधीच मागा.

---

मंगळागौर

मी मार्सेयमध्ये राहते, त्यामुळे पानिसबद्दल लिहायला हवंच. चण्याचं पीठ पाण्यात कालवून पातेल्यात घोटत राहायचं, आळलं की साच्यात घालून गार करायचं, काप करायचे आणि तळायचे. तळणीच्या आधीपर्यंत पाहिलं तर ही आपली पाटवडीच, फोडणी आणि हळद वगळून. मार्सेयच्या उत्तरेला लेस्ताक नावाचा भाग आहे, सेझानने रंगवलेला. तिथल्या बंदराशी छोट्या टपऱ्या आहेत. कागदाच्या पुडीत गरम गोल पानिस, वर मीठ. तिथेच शिशी फ्रेजी नावाचा तळलेला गोड पदार्थही मिळतो. उन्हाळ्यात जुन्या बंदरातून लेस्ताकला बोट जाते, एरवी बस आहे.

मार्सेयची सकाळ जुन्या बंदराच्या टोकाशी बघा. मच्छीमार बोटीतून मासे काढून तिथेच टेबलांवर मांडतात. काटेरी लाल रास्कास, वामाच्या कुळातला काँग्र, सेंट-पिएर. यांच्यापैकी न विकले जाणारे, काट्यांचे मासे मच्छीमार समुद्राच्या पाण्यात उकळून खायचे, तीच बुयाबेस. आज ती इतकी महाग झाली आहे की मार्सेयची साधी माणसं ती क्वचितच खातात. नकली बुयाबेस बोकाळली म्हणून १९८० साली काही हॉटेलवाल्यांनी मिळून सनद केली : ठरलेल्या माशांपैकी किमान चार हवेत, रस्सा आणि मासे वेगळे वाढायचे, मासा गिऱ्हाइकासमोर सोडवायचा. केशर आणि लसणाची 'रुई' नावाची घट्ट चटणी ब्रेडवर लावून रश्शात सोडतात.

माझा सल्ला सागरगोटीसारखाच. बुयाबेसचे पैसे वाचवा आणि नोआईच्या बाजारात जा. ट्युनिशिया, अल्जीरिया, कोमोरो, आर्मेनिया, सगळी माणसं पाचशे पावलांत भेटतात. कूसकूस, हरिस्सा, पुदिन्याचा चहा. इ.स.पू. ६००च्या सुमाराला फोकेआहून आलेल्या ग्रीकांनी हे शहर वसवलं आणि सोबत द्राक्षवेल आणली. तेव्हापासून हे शहर बाहेरून आलेल्यांचंच आहे.

शाकाहारींसाठी 'नावेत' नावाचं संत्र्याच्या फुलांच्या अर्काचं, होडीच्या आकाराचं बिस्किट. संत व्हिक्टरच्या मठाशेजारची भट्टी १७८१ पासून चालू आहे. २ फेब्रुवारीच्या सणाला तिथे मोठी रांग लागते. बिस्किट बरंच कडक असतं, ज्येष्ठांना चहात बुडवून द्या. त्यात अंडं आहे का ते घेताना विचारा.

---

अरण्यक

मंगळागौर, बुयाबेसबद्दल असहमत. महाग आहे म्हणून टाळली तर ज्या चार हॉटेलांनी ती नीट जपली आहे ती कशी टिकतील? आदल्या दिवशी सांगून ठेवा, चौघांत मिळून घ्या, आणि जेवणाला दोन तास द्या. पानिस पोट भरते, पण या समुद्रात कोणते मासे राहतात हे एका ताटात दाखवणारा दुसरा पदार्थ मार्सेयमध्ये नाही.

मराठी माणूस मार्सेयला गेला की ८ जुलै १९१० आठवतोच. सावरकरांनी 'मोरिया' जहाजाच्या खिडकीतून याच बंदरात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत जहाजावर दिलं. खटला हेगच्या लवादापर्यंत गेला आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. बंदराच्या कडेला उभं राहून ते अंतर डोळ्यांनी मोजावंसं वाटतं.

लिव्होर्नोला कुणी जात नाही, ती खंत इथे लिहितो. तिथल्या मेदिची राजघराण्याने १५९१ आणि १५९३ मध्ये फर्मानं काढून सगळ्या देशांच्या, सगळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना तिथे बोलावलं. ज्यू, ग्रीक, आर्मेनियन, इंग्रज आले. चण्याच्या पिठाची तोर्ता तिथे पावात घालून देतात. 'पाच आणि पाच' असं तिचं नाव, कारण पूर्वी पाच पैशांचा पाव आणि पाच पैशांची तोर्ता मागायचे. काच्चुक्को हा टोमॅटो आणि रेड वाइनमध्ये शिजवलेला माशांचा रस्सा, खाली लसूण चोळलेला भाजका पाव. त्याच्याबरोबरही रेड वाइनच पितात. माशाबरोबर पांढरीच हवी असं ठामपणे सांगणाऱ्यांनी लिव्होर्नोत एकदा जेवावं. शेवटी पोंचे : रम आणि कडक कॉफी काचेच्या छोट्या पेल्यात, लिंबाच्या सालीसह.

---

द्राक्षवेल

अरण्यक यांना अनुमोदन. माशाचा रस्सा टोमॅटोचा असेल तर आंबटपणा असलेली, फार तुरट नसलेली रेड उत्तम जाते.

आमचा नाशिकजवळ द्राक्षाचा मळा आहे, वाइनच्याच जातींचा. आमची तोडणी जानेवारी ते मार्च, कारण पावसाळ्यानंतर वेल फळावर धरायची आणि उन्हाळ्याच्या झळांआधी मोकळी करायची. भूमध्य किनाऱ्यावर तोडणी ऑगस्टच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. कोथिंबीर, तुम्ही ऑक्टोबरात जाताय, म्हणजे बहुतेक मळे मोकळे झालेले असतील पण तळघरांत रस आंबत असेल. तो वास घ्यायला तरी एखाद्या मळ्यावर जा, पीत नसलात तरी.

बंदरापासून जवळ असलेल्या वाइनबद्दल सागरगोटी म्हणतात ते मला फार पटतं. नीसचं उदाहरण घ्या. बेल्ले नावाचे मळे नीस शहराच्या हद्दीतच आहेत, विमानतळाच्या वरच्या टेकड्यांवर. तिथली पांढरी वाइन रोल द्राक्षाची. रोल म्हणजेच लिगुरियातली वेर्मेंतिनो. नीस १८६० मध्ये फ्रान्समध्ये गेलं, पण द्राक्ष आणि सोक्का दोन्ही सीमेच्या अलीकडे-पलीकडे तशीच राहिली.

मार्सेयच्या पूर्वेला कासी. १९३६ मध्ये फ्रान्सने वाइनच्या गावांना कायद्याचं संरक्षण द्यायला सुरुवात केली, त्या पहिल्या यादीतलं हे नाव. कड्यांच्या पायथ्याशी मळे, जास्त करून पांढरी. त्याच्या पुढे बांदोल. तिथली रेड मूरवेद्र या द्राक्षाची. हे द्राक्ष उशिरा पिकतं, त्याला भरपूर ऊन लागतं आणि मुळाशी ओलही हवी. कायद्याप्रमाणे बांदोलची रेड किमान अठरा महिने लाकडी पिंपात राहते. तरुणपणी ती कडक असते, घाईने उघडू नये.

बंदराशिवाय जन्मलीच नसती अशी वाइन मात्र मार्साला. १७७३ मध्ये वुडहाउस नावाचा लिव्हरपूलचा व्यापारी सिसिलीच्या पश्चिम टोकाला उतरला. तिथली वाइन त्याला आवडली, पण इंग्लंडपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती म्हणून त्याने पिंपांत मद्यार्क मिसळला. पुढे नेल्सनच्या आरमारालाही ती पुरवली गेली. आज दुकानात मिळणारी गोड, स्वयंपाकातली मार्साला म्हणजे या वाइनची अवहेलना आहे. 'व्हेर्जिने' असं लिहिलेली कोरडी, निदान पाच वर्षं पिंपात मुरलेली घ्या. जुन्या चीजबरोबर, खारवलेल्या बदामांबरोबर, थोडी गार करून.

---

सागरगोटी

द्राक्षवेल, रोल आणि वेर्मेंतिनोचं नातं तुम्ही नेमकं ठिकाणावर आणलंत. मार्सालाचा विषय निघालाच आहे तर सिसिली पुरी करते.

जेनोआहून पालेर्मोला रात्रभराची फेरी आहे, साधारण वीस तास. विमान स्वस्त असलं तरी बोटीनेच जा. पालेर्मोत बाल्लारोच्या बाजारात पानेल्ले मिळतात : चण्याच्या पिठाचे पातळ चौकोन, पार्सलीची पानं घातलेले, तळून तीळ लावलेल्या पावात, वर लिंबू. बरोबर बटाट्याचे क्रोक्के. शाळेची मुलं, बांधकामावरचे कामगार, वकील, सगळे एकाच गाड्यासमोर. जेनोआत पीठ भट्टीत जातं, इथे कढईत.

पालेर्मो ८३१ ते १०७२ अरबांच्या ताब्यात होतं, आणि ते ताटात ठळक दिसतं. तारल्यांच्या पास्त्यात रानबडीशेप, बेदाणे, पाइन नट, केशर. भूगोलकार इद्रिसीने ११५४ मध्ये लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळच्या त्राबियात इत्रिया नावाचा सुका पास्ता भरपूर बनतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो. पास्ता चीनहून मार्को पोलोने आणला, असं अजूनही लिहिणाऱ्यांना हे दाखवावं. मार्को पोलो जन्मलासुद्धा नव्हता.

तिथून बसने दोनेक तासांवर त्रापानी. हे माझं सगळ्यांत लाडकं बंदर. मिठागरं, पवनचक्क्या, आणि समोरच्या ट्युनिशियाचं कूसकूस. रवा पाण्याच्या थेंबांनी बोटांनी फिरवत दाणे करतात, मातीच्या भांड्यात वाफवतात आणि वरून माशाचा रस्सा. त्रापानीतच एक निराळा पेस्तो आहे. पूर्वेकडून परतणारी जेनोआची जहाजं इथे थांबायची, त्यांच्याकडून लसूण-बासिलची वाटण घेऊन त्रापानीकरांनी त्यात आपले बदाम आणि टोमॅटो घातले, असं सांगतात. पाइन नट नाहीत, चीज पुष्कळदा वरून वेगळं. कोथिंबीर, हा पेस्तो चीजशिवाय सहज मिळेल. बरोबर ग्रिल्लो द्राक्षाची कोरडी पांढरी वाइन. त्रापानीहून मार्साला आगगाडीने अर्ध्या तासावर.

---

कोथिंबीर

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, फारिनाता घरी करून बघता येईल का, आपल्या बेसनाची?

---

सागरगोटी

येईल, पण आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, तिकडचं पीठ अख्ख्या काबुली चण्याचं. बेसनाचा वास उग्र येतो आणि रंगही पिवळा. काबुली चणे गिरणीतून दळून आणा, एकदम बारीक.

३०० ग्रॅम पीठ, ९०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ. गुठळ्या न राहता कालवा आणि किमान चार-पाच तास, जमलं तर रात्रभर ठेवा. वर फेस येतो तो चमच्याने काढून टाका, नाहीतर चव कडवट होते. ओव्हन असेल तितका तापवा. पसरट ट्रेमध्ये १०० मिली ऑलिव्ह तेल ओता, त्यावर पीठ ओता आणि तेल वर येईल असं लाकडी चमच्याने हलवा. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. आधी खालच्या कप्प्यात, मग वरच्या, रंग सोनेरी-तपकिरी होईपर्यंत. घरच्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

---

दर्यासारंग

कोथिंबीर, सासूबाईंना सांगा, काही जण भट्टीत घालण्याआधी वर रोझमेरी किंवा कोवळा कांदा पसरतात. आणि ऑक्टोबरात जेनोआला पाऊस बराच असतो, डोंगरावरून पाणी जोरात येतं. छत्री आणि घसरणार नाहीत अशा चपला घ्या. जुन्या शहरातल्या बोळांतल्या फरशा ज्येष्ठांसाठी फार निसरड्या होतात.